कोल्हापूर ते मुंबई विमानाने अंतर किती आणि सांगलीकराला एकूण वेळ किती लागतो?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे आणि वेळापत्रकात या प्रवासासाठी साधारण एक तास धरलेला असतो. आपण वयस्कर वडिलांना मुंबईत डॉक्टरांना दाखवायला घेऊन सांगलीहून निघणार असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे या एका तासावर विसंबून बेत आखू नये, असे मला मनापासून वाटते.

अशा छोट्या मार्गांवर चालणारी एटीआर ७२ सारखी पंख्याची विमाने ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जातात. त्या हिशोबाने ३१० किलोमीटरला चाळीस मिनिटेही लागू नयेत. परंतु वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते मुंबईत पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करत उतरणे हे सर्व त्यातच येते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरली जाते आणि येणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालत रांग लावावी लागते. अशी एक घिरटी साधारण चार मिनिटांची असते.

गेल्या पावसाळ्यात आईला तपासणीसाठी नेताना मी घड्याळ पाहूनच बसलो होतो. उड्डाण झाल्यावर आई खिडकीतून उसाची शेते आणि पंचगंगेचे वळण पाहत होती, आणि पस्तीस मिनिटांत आम्ही मुंबईजवळ पोहोचलोही. त्यानंतर मात्र ढगांत पाच घिरट्या झाल्या.

आता घरापासूनचा हिशोब सांगतो. सांगलीच्या विश्रामबागेतून जयसिंगपूर, हातकणंगलेमार्गे उजळाईवाडीला पोहोचायला सव्वा ते दीड तास लागतो. सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या बरीच आधी बंद होते, म्हणून दीड तास आधी पोहोचलेले बरे. त्यात विमानाचा एक तास, सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि मुंबईतील वाहतुकीचा एक तास मिळवला, की साडेपाच तास होतात. सांगलीहून पेठ नाका, कराड, पुणे असे मोटारीने गेल्यास सुमारे ३८० किलोमीटरला सात ते आठ तास लागतात. म्हणजे वाचतात ते दीड ते अडीच तास. तरीही वडिलांच्या पाठीचा विचार करता मी विमानच सुचवेन, कारण खंबाटकी आणि खंडाळ्याचे घाट टळतात व चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवल्यास मिळते. रात्री झोप लागत असेल, तर मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसही चांगली आहे.

डॉक्टरांची वेळ मात्र सकाळच्या विमानावर सकाळचीच घेऊ नये. आमची दुपारी तीनची होती, म्हणूनच त्या पाच घिरट्यांनंतरही आईची तपासणी चुकली नाही.