मुंबईची जुनी स्टिरिओ कार्डं घ्यायची आहेत, अस्सल कशी ओळखायची?

स्टिरिओ कार्ड म्हणजे पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी असलेली एकाच दृश्याची दोन चित्रं. ती ओळखायला दहापटीचं भिंग खिशात ठेवा. त्याखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापील चित्र, फोटो नव्हे. तशी छापील कार्डंही १९००च्या सुमारास निघायची, म्हणजे ती बनावट नाहीत, पण त्यांना फोटोचा भाव देऊ नका. मग डावं-उजवं चित्र ताडून बघा. समजा रस्त्याचं दृश्य असेल, तर पुढचा दिव्याचा खांब मागच्या भिंतीच्या मानाने किंचित सरकलेला हवा. दोन्ही चित्रं तंतोतंत सारखी असतील, तर स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे ही कार्डं बघायच्या दोन भिंगांच्या उपकरणातून, दृश्याला खोली असल्याचा भास होणारच नाही. मी एकदा असंच फसलोय!

अंडरवूड अँड अंडरवूड या अमेरिकन कंपनीची कार्डं साधारण साडेतीन बाय सात इंचांची, थोडी वाकवलेली असतात. तो बाक मुद्दाम दिलेला आहे. विक्रेता ‘सपाट करून देतो’ म्हणाला तर हात जोडा.