सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी दुखतंच आहे

"मॅडम, रिपोर्टमध्ये काहीच नाही. मग हिलाच एवढं का दुखतं?" सातपूरला कंपनीत काम करणाऱ्या २४ वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दर पाळीला मुलीची रजा ठरलेली. लग्न झालं की थांबेल, असं नात्यातल्या बायका सांगायच्या.

मुलीशी एकटीशी बोलले. दुखणं पाळीच्या दोन दिवस आधीच सुरू व्हायचं, पूर्वी गोळीने थांबायचं, आता थांबत नव्हतं. "शौचाला बसल्यावर कळ येते का?" ती गप्प झाली, मग म्हणाली, "पाळीतच येते. पण हे कुणी विचारलंच नाही."

हे विचारायलाच हवं. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात: बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर, मूत्राशयावर. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणून काहींना शौचाला किंवा लघवीला त्रास होतो, काहींना संबंधांच्या वेळी आत खोल दुखतं, काहींना दिवस राहत नाहीत. बीजकोशातली चॉकलेट सिस्ट (जुन्या, घट्ट रक्ताने भरलेली गाठ) सोनोग्राफीत दिसते, आवरणावरचे बारीक ठिपके सहसा दिसत नाहीत. त्यात अविवाहित मुलींची सोनोग्राफी बहुतेकदा योनीमार्गातून न होता पोटावरूनच होते. त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवरून हा आजार नाही असं ठरत नाही. प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना तो असतो, आणि तरीही निदानाला अनेक वर्षं जातात. मुलीला 'नाजूक' ठरवण्यात ही वर्षं जातात, याचं फार वाईट वाटतं.

तिला दोन पाळ्यांची नोंद ठेवायला सांगितली. तारीख, ० ते १० मध्ये वेदना किती, कोणती गोळी किती वाजता घेतली, फरक पडला का, शौच-लघवीचा त्रास, बुडालेलं काम. तो कागद स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवल्यावर बोलणं 'पोटात दुखतं' एवढ्यावर थांबलं नाही. लक्षणांवरून हार्मोनची गोळी सुरू झाली. त्यासाठी आधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावीच लागते असं नाही. सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग दिसू शकतात. ते पाहून अनेकजणी गोळी परस्पर सोडतात आणि दुखणं परत येतं, म्हणून हे आईलाही समजावलं.

लग्न किंवा बाळंतपण हा यावरचा इलाज नाही. "हिला मूल होईल ना?" आईने शेवटी विचारलं. अनेकींना होतं, काहींना उपचार लागतात. बीजकोशातल्या गाठीच्या ऑपरेशनने स्त्रीबीजांचा साठा कमी होऊ शकतो, म्हणून तशी वेळ आली तर आधी एएमएच या, साठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा, असं सांगितलं. आणि अचानक असह्य कळ, ताप किंवा चक्कर आली, तर नोंदवहीत लिहीत न बसता लगेच दवाखाना गाठायचा.