म्हैस भाकड झाली की हप्ता चुकतो

दरवर्षी निकाल लागले की कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, करिअरचा सल्ला देते त्या माझ्या खोलीचा जिना वाजायला लागतो. खाली झेरॉक्सचं दुकान, वर मी. गुणपत्रिकेच्या प्रती काढायला आलेले पालक पाटी वाचून वर चढतात, असं निदान तिघांनी तरी कबूल केलंय. बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेली मुलं आली की प्रश्न ठरलेला असतो: यात एम.ए. करून काय होणार? या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले असतात आणि ते विचारणारी माणसंही दोन असतात. पोट भरणार का, हे बापाला विचारायचं असतं. आपल्या हातून काही होणार का, हे पोरीला.

जिची गोष्ट सांगतेय ती तीन बहिणींतली मधली. इथंही तिला मधलीच म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. शिरोळ तालुक्यातलं गाव, दीड एकर ऊस, दोन म्हशी, आणि २०१९ व २०२१ असे दोन महापूर घरात शिरून गेलेले. वडील खुर्चीच्या कडेवर टेकले, पिशवी मांडीवर. "शिकू दे की मॅडम, नको कोण म्हणतंय? पण ह्येच्या फुडं काय?"

मधली म्हणाली, "मला समाजासाठी काहीतरी करायचंय."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समाज म्हणजे नक्की कोण आणि काहीतरी म्हणजे काय, हे उलगडल्याशिवाय मी पुढं सरकत नाही. पण त्या दिवशी आधी वडिलांचा प्रश्न घेतला. पोटाचं लोंबकळत ठेवून ध्येयाचं बोलायला लागलं की समोरच्याचं लक्ष परतीच्या एसटीकडं असतं.

त्यांना जे आहे ते सांगितलं. सीनियर कॉलेजवर लागायचं तर एम.ए.ला ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेट वर्षातून दोनदा होते, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. त्यातच जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार. हा आकडा ऐकून वडील जरा सरळ बसले, म्हणून लगेच पुढचंही सांगितलं: नेट झालेली कितीतरी पोरं आज सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं शिकवताहेत, आणि कायम जागेची वाट बघण्यात तिशी उलटते. ज्युनियर कॉलेजला बी.एड. लागतं. संस्थांच्या प्रकल्पांवर, सर्वेक्षणांवर, 'उमेद'सारख्या बचतगटांच्या सरकारी अभियानात कामं निघतात, पण बहुतेक कंत्राटी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय आणि वैकल्पिक विषय घ्यावा लागतो, तिथं समाजशास्त्र चालतं. पण केवळ त्यासाठी दोन वर्षांचं एम.ए. करणं म्हणजे ताकासाठी म्हैस पाळणं. वडील यावर हसले. म्हशीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मला पुढं चांगलंच कळायचं होतं.

मग पोरीकडं वळले. "समाज राहू दे. तुझ्या घरातली अशी एक गोष्ट सांग, जिच्यामुळं तुला झोप लागत नाही."

बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मंगळवार."

एक आड एक मंगळवारी गल्लीत फायनान्स कंपनीच्या बायकांच्या कर्जगटाची मीटिंग भरते. त्या दिवशी आई सकाळपासून कुणाशी बोलत नाही. पहिलं कर्ज २०१९च्या पुरानंतर भिंत बांधायला काढलेलं. मग दुसरं, मग आणखी एका कंपनीचं तिसरं. गटातल्या एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, ही अट. तारण काहीच नसतं म्हणतात. असतं की, शेजारणींच्या तोंडावरची अब्रू असते. हे वाक्य माझं नाही, मधलीचं आहे. ते ऐकलं तेव्हाच मला वाटलं होतं की हिला हा विषय जमेल. पण तसं बोलले नाही. वाटण्यावर दोन वर्षं लावू नयेत.

तिला एक काम दिलं. गावातल्या पंधरा घरी जायचं. आपण का विचारतोय ते आधी सांगायचं, नाव लिहायचं नाही, सासूसमोर विचारायचं नाही, आणि काहीही ऐकलं तरी सल्ला द्यायचा नाही. 'किती कर्ज आहे' यानं सुरुवात करायची नाही, 'पहिलं कधी आणि कशासाठी काढलं' यानं करायची. एवढं करून परत ये, मग एम.ए.चं बोलू.

तीन आठवड्यांनी ती वही घेऊन एकटीच आली. "मी सगळीकडं गेलो मॅडम," दारातूनच म्हणाली. आमच्याकडच्या मुली आलो-गेलोच म्हणतात. पुण्याहून आलेल्यांना त्याची गंमत वाटते, वाटू दे.

ती गेली होती एक समजूत घेऊन: बायका लग्नकार्यात, साड्यांत पैसा उडवतात आणि अडकतात. टीव्हीवर तिनं तसं ऐकलं होतं आणि बऱ्याच पुरुषांकडूनही. पंधरा घरांत तसं एक घर निघालं. बाकीकडं पुरानंतरची भिंत, दवाखाना, पोराची फी, आणि मग आधीचा हप्ता भरायला काढलेलं नवं कर्ज. पण खरी गोष्ट वहीत पुढं होती. ऊस बारा ते अठरा महिन्यांचा. कायद्यानं तोडीनंतर चौदा दिवसांत बिल यायला हवं, पण ते येतं पुरुषाच्या खात्यावर आणि त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधीच वळतं होतं. बाईच्या हातात येतं ते दूधबिल, दर दहा दिवसांनी. फायनान्सचा हप्ता त्या दूधबिलावर उभा. एका घरी 'लाडकी बहीण'चे दीड हजारही त्यातच. पंधरापैकी नऊ घरांत पहिला हप्ता चुकला तो म्हैस भाकड झाली त्या महिन्यांत.

मी वही दोनदा वाचली. रिझर्व्ह बँकेचा २०२२पासूनचा नियम सांगतो की अशा घरांचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. या घरांचं महिन्याचं उत्पन्न कशाला म्हणायचं? म्हैस दूध देते त्या महिन्याचं की देत नाही त्या? नियम लिहिणाऱ्यापुढं म्हैस नव्हती. तिच्या वहीत होती.

मधली मात्र पडलेल्या तोंडानं बसली होती. "वही भरली मॅडम. आईचा हप्ता आहे तिथंच आहे. मग उपयोग काय?"

इथं मला माझी जुनी चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एक मुलगा हेच 'समाजासाठी काहीतरी' घेऊन आला होता. गुण चांगले, वाचन चांगलं, म्हणून मी डोळे झाकून समाजशास्त्राकडं पाठवला. दुसऱ्या सत्रातच आला. म्हणाला, वर्गात दुर्खीम आणि वेबर हे जुने समाजशास्त्रज्ञ चाललेत, आणि माझ्या गल्लीत पोरं दारू पिताहेत. त्याला माणसाचा हात धरायचा होता आणि मी त्याला समाजाकडं लांबून बघायला बसवलं होतं. त्यानं सोडून दिलं. त्याला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, हवं होतं. आपल्या कोल्हापुरातच ते होतं, आणि ही चौकशी मी आधी करायला हवी होती.

म्हणून मधलीला फरक नीट सांगितला. समाजकार्यात तू त्या पंधरा घरांपैकी एका घरी बसशील, बाईला कंपनीशी बोलायला मदत करशील, गट सावरशील. समाजशास्त्रात तू विचारशील की हीच गोष्ट नऊ घरांत एकाच वेळी का घडली. तिथं बाई चुकली की नाही हा प्रश्नच मागं पडतो. हप्त्याची चाल आणि पैशाची चाल जुळत नाहीत, हे समोर येतं. तुझ्याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ठराव घडवून आणणं हे एक काम. ठरावानंतर कुठल्या घरात कुंकू राहिलं, कुठल्या घरात नाही आणि का, हे शोधणं दुसरं. दोन्ही लागतात. पण दोन्हीसाठी एकच स्वभाव चालत नाही.

आणि नुसतं मोजून काय होतं म्हणणाऱ्यांना मी शाहू महाराजांचं सांगते. ते १८९४ साली गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ पैकी ६० जागा ब्राह्मणांकडं होत्या. १९०२चा ५० टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम आपण सगळे सांगतो, त्यामागची मोजदाद फारसं कुणी सांगत नाही. मधलीनं हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. मला आपलं बरं वाटलं.

"मग मला कुठलं?" तिनं विचारलं.

"पंधरा घरांत तुला सगळ्यांत जास्त मजा कधी आली?"

ती लाजत म्हणाली, "नऊ घरांत म्हशीचं जुळलं तेव्हा. आणि मग वाईट वाटलं, की मला मजा येतीय." याहून सरळ उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. अपराधी वाटणं साहजिक आहे, ते राहू दे, त्यानं वही प्रामाणिक राहते, एवढं मी म्हणाले.

तिसऱ्या भेटीला वडील परत आले. मला वाटलं, पुन्हा पोटाचं निघणार. त्यांनी पिशवीतून तिची वही काढून टेबलावर ठेवली.

"म्या वाचली. समदं खरं हाय. पण हिनं पंधरा घरं घेतली ती कुठली? आमच्या भावकीतली, न्हाईतर वरल्या आळीतली. समाजमंदिराच्या पल्याड ही गेलीच न्हाई. तिकडं कुणाचा ऊस हाय, का दावणीला म्हैस हाय? हप्ता तर तिकडं बी हाय. मग त्यो कशावर भरत्यात?"

खोलीत शांतता झाली. मला हे दिसायला हवं होतं. एम.ए.ला संशोधन पद्धतीचा अख्खा पेपर असतो, त्यात नमुना निवड शिकवतात, मी स्वतः ती शिकलेय. पंधरा घरं मीच सांगितली आणि कुठली ते विचारलं नाही. पोरीचे पाय ज्या वाटांना सवयीचे, त्याच वाटांनी ती गेली, आणि गावात वाटा जातीनं पडलेल्या असतात. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणूनच दिसलं नाही. दीड एकरवाल्या माणसाला दिसलं.

मधली गेली. तिकडची आठ घरं केली. म्हशीचा सिद्धांत तिथं कोसळला. हप्ता भरला जायचा तो भांगलणीच्या, म्हणजे शेतातलं तण काढायच्या, रोजगारावर, आणि जुलै-ऑगस्टात शिवारात पाणी साठलं की भांगलण बंद, की हप्ता बंद. दोन घरांतल्या बायकांना वरल्या आळीच्या गटात घेतलंच नव्हतं, म्हणून त्यांनी वेगळ्या कंपनीचा वेगळा गट केलेला. हे सांगताना तिचा आवाज उतरला होता. वरल्या आळीच्या त्या गटात तिची आईही होती.

एम.ए.ला प्रवेश घेतला, पण वडिलांच्या अटीवर: दोन वर्षं, त्यात नेटचे निदान दोन प्रयत्न, नाहीतर मग बी.एड. अट मला रास्त वाटली आणि मी तसं तिच्यासमोरच सांगितलं. तिला ते फारसं आवडलं नाही. संशोधन प्रकल्पाला तिनं हाच विषय घेतलाय. घरं आता साठ, यादी दोन्ही आळ्यांची, आणि ती यादी वडिलांनी तपासलेली.

आईचे मंगळवार चालूच आहेत. तिसरं कर्ज अजून फिटायचंय. मागच्या महिन्यात वडिलांचा फोन आला. मला वाटलं, परीक्षेचं काही असेल. परीक्षेचं नव्हतं. थोरली म्हैस व्यायली, म्हणाले.