इंडोनेशियात बहुसंख्य मुस्लिमच आहेत, मग हिजाबवरून सोशल मीडियावर एवढी भांडणं का?

प्रश्नात तुम्ही पुढे असंही लिहिलंय, की तिथे तर सगळ्याच बायका हिजाब घालत असतील. तसं नाही. मी मूळची सोलापूरची. इंडोनेशियातल्या बांडुंग शहराजवळच्या एका कापडगिरणीत सहा वर्षं माल तपासणीच्या खात्यात होते. तिथे जे पाहिलं आणि समजून घेतलं, त्यावरून सांगते.

आमच्या खात्यात एक 'तेतेह' होत्या. तिथल्या सुंदानी भाषेत थोरल्या बहिणीला तेतेह म्हणतात. त्यांच्या आईचा जुना फोटो मी पाहिलाय. डोक्यावर पातळ, सैल ओढणी आणि पुढचे केस उघडे. माझी आजी डोक्यावरून पदर घ्यायची, अगदी तसं. त्याला तिथे केरुडुंग म्हणतात. केस आणि मान पूर्ण झाकणारा तो जिलबाब. 'हिजाब' हा शब्द त्या अर्थाने रुळला तो अलीकडे, २०१० च्या सुमारास शहरी मुलींनी फॅशन आणि ब्लॉगमधून उचलून धरल्यावर.

तेतेहंच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र उघड्या डोक्याचा फोटो आहे. कान दिसलेच पाहिजेत असा दंडक होता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने १९८२ साली गणवेशाचे असे नियम काढले, की सरकारी शाळेत जिलबाब घालून बसता येईना. धर्माच्या नावाने राजकीय ताकद उभी राहील ही त्यांना भीती. कित्येक मुलींना शाळा सोडावी लागली. तेतेह फाटकाशी जिलबाब काढून दप्तरात ठेवायच्या. "रोज तिथे पोचले की पोटात गोळा यायचा," असं त्या सांगायच्या. १९९१ मध्ये नियम बदलला.

१९९८ ला सुहार्तो पायउतार झाले, जिल्ह्यांच्या हाती अधिकार आले आणि काही ठिकाणी उलटी सक्ती सुरू झाली. पश्चिम सुमात्रातल्या पाडांगमध्ये २००५ साली महापौरांनी शाळकरी मुलींसाठी जिलबाबचा आदेश काढला. २०२१ च्या जानेवारीत तिथल्याच एका सरकारी शाळेत एका ख्रिस्ती मुलीलाही तो घालायला सांगितलं गेलं. तिच्या वडिलांनी शाळेतल्या बोलण्याचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला आणि देश हलला. पुढच्याच महिन्यात तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला: सरकारी शाळेने धार्मिक पोशाखाची सक्तीही करायची नाही आणि बंदीही नाही. मला तो फार शहाणपणाचा वाटला होता. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

आता याची दुसरी बाजू. २०२४ च्या स्वातंत्र्यदिनाला नुसांतारा या उभारल्या जात असलेल्या नव्या राजधानीत झेंडा फडकवणाऱ्या पथकात ३८ प्रांतांतली ७६ मुलंमुली होती. एरवी हिजाब घालणाऱ्या अठरा मुली पथकाच्या शपथविधीच्या फोटोत उघड्या डोक्याने दिसल्या. लोकांनी ते फोटो फिरवले, मुस्लिम संघटना संतापल्या, जबाबदार संस्थेने माफी मागितली आणि १७ ऑगस्टला त्या मुली हिजाब घालून उभ्या राहिल्या.

एकदा सक्ती, एकदा बंदी. माझ्या मते दोन्ही वेळचा राग एकाच गोष्टीचा होता: मुलीच्या डोक्यावर काय असावं हे वरून कुणीतरी ठरवत होतं. हातात फोन असल्यामुळे ते चव्हाट्यावर आलं. तेतेहंच्या वेळी फाटकाशी काय चाललंय हे पाहणारं कोण होतं?

पण तोच फोन दुसरीकडे छळतोही. सिंता नुरिया या माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांच्या पत्नी. त्या स्वतः जुन्या पद्धतीचा सैल केरुडुंग घेतात. मुस्लिम स्त्रीला जिलबाब बंधनकारक नाही, असं २०२० मध्ये त्या यूट्यूबवरच्या एका मुलाखतीत म्हणाल्या, तर लोक त्यांच्यावर तुटून पडले. एखाद्या नटीने हिजाब सोडला की तिच्या फोटोखाली तिला नरकाची भीती घालणारे हजारोंनी येतात. यात कायदा कुठे नसतो, म्हणून तक्रार करायलाही जागा नसते.

तेतेहंच्या घरी तेच झालं. लेक कॉलेजात गेली आणि तिने जिलबाब घालणं सोडलं. चुलतबहिणीच्या लग्नातला फोटो तिने टाकला. त्याखाली सख्ख्या मावशीने लिहिलं, की बापाला कबरीत तुझ्यामुळे त्रास होईल. वडील वारून वर्षही झालं नव्हतं. ती पोरगी दोन दिवस जेवली नाही.

तेतेह स्वतः पाच वेळा नमाज पढणाऱ्या, जिलबाबशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या. लेकीने तो पुन्हा घ्यावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती, हे मला त्या कितीदा तरी बोलल्या होत्या. तरी त्या रात्री बस पकडून बहिणीच्या गावी गेल्या आणि समोर बसून ती ओळ तिला पुसायला लावली. सकाळी थेट पाळीवर आल्या. डोळे सुजले होते. मी चहा आणून दिला, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मला फाटकाशी काढायला लावायचे, ते मी अजून विसरले नाहीये."