‘ब्रेकथ्रू अल्बम’ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचक मैत्रिणीला ‘नो डाउट’ या स्का-पंक (जमैकाचा नाचरा स्का आणि पंक रॉक यांची सरमिसळ) बँडच्या ‘ट्रॅजिक किंगडम’ या अल्बमवर मराठीत लिहायचंय. ‘ब्रेकथ्रू अल्बम’ला काय म्हणू आणि ‘मेनस्ट्रीम सक्सेस’ला ‘मुख्य प्रवाहातील यश’ चालेल का, असं ती विचारते.

‘ब्रेक’ हा शब्द आपल्याकडे रुळलाय, पण तो इथे उपयोगाचा नाही. ‘ब्रेक मिळणं’ म्हणजे कुणीतरी संधी देणं. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या या मंडळींना तो १९९१ मध्येच मिळाला होता, इंटरस्कोप कंपनीने करार केला तेव्हा. पण १९९२ चा पहिला अल्बम जेमतेम ३० हजार खपला. तेव्हा अमेरिकेत ग्रंजचा, म्हणजे खरखरीत, उदास गिटार-रॉकचा जोर होता. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या नाचऱ्या गाण्यांना रेडिओ विचारेना. कंपनीनेही हात आखडता घेतला. शेवटी ‘द बीकन स्ट्रीट कलेक्शन’ हा अल्बम बँडने स्वतःच काढला. संधी मिळूनही गाडं अडलेलं, या अवस्थेला आपल्याकडे नेमका शब्द आहे: कोंडी. ऑक्टोबर १९९५ मध्ये आलेल्या ‘ट्रॅजिक किंगडम’ने ती फोडली.

‘नावारूपाला आणणारा अल्बम’ हाही चांगला पर्याय आहे. पण पहिल्याच फटक्यात नाव कमावणाऱ्यालाही तो लागू पडतो. कोंडी फुटायला ती आधी झालेली असावी लागते. त्या शब्दात मागची घुसमट ऐकू येते, म्हणून मला तोच प्रिय.

‘मुख्य प्रवाह’ मात्र जपून वापरावा. ‘मुख्य प्रवाहात येणं’ म्हणताना बाजूला पडलेलं काही आत आलं, असं आपण सुचवतो. इथे नेमकं काय आत आलं? स्का जमैकात १९५० च्या दशकाच्या अखेरीस जन्मला. ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधोमध पडणारा गिटारचा खटका ही त्याची खूण. याच अल्बममधल्या ‘स्पायडरवेब्स’ या गाण्यात तो छान ऐकू येतो. पण ज्या ‘डोन्ट स्पीक’ने बँडला जगभर नेलं, त्यात स्का जवळजवळ नाहीच. बँडची गायिका ग्वेन स्टेफनी आणि बासवादक टोनी कनाल यांचं नातं तुटलं, त्या दुःखातून आलेलं ते संथ गाणं आहे. अल्बम ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत पहिला आला तो डिसेंबर १९९६ मध्ये, म्हणजे बाजारात आल्यावर तब्बल १४ महिन्यांनी. पुढे एकट्या अमेरिकेत त्याने १ कोटी प्रतींचा टप्पा गाठला. पण एवढ्यावरून ‘स्का मुख्य प्रवाहात आला’ म्हणणं मला पटत नाही. ‘बँड घराघरांत पोचला’ हे खरं, आणि अस्सल मराठीही.

आणखी एक. इंग्रजीत हे काम विशेषण करतं, मराठीत ते क्रियापदाकडे द्यावं. ‘हा त्यांचा कोंडीफोडू अल्बम होता’ असला जोडशब्द घडवत बसू नका. सरळ लिहा: ‘ट्रॅजिक किंगडम’ आला आणि ‘नो डाउट’ची कोंडी फुटली.