नववीच्या वर्गात मुलांचा मान राखून अपेक्षा उंच कशी ठेवावी?

गोवंडीच्या मराठी शाळेत नववीचा वर्ग, कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या हिंदी, उर्दू, भोजपुरी. कडक राहिलं तर मुलं गप्प, सैल सोडलं तर डोक्यावर बसतात, असं तुम्ही म्हणताय.

आधी नावं. प्रत्येकाचं नाव घरी घेतात तसं घ्यायला शिका. ‘ए भैया’ वर्गात चालणार नाही, स्टाफरूममध्येही नाही. (बहुतेकदा ते तिथूनच झिरपतं.)

कच्च्या मुलाला मुद्दाम सोपं विचारून ‘शाब्बास’ म्हणू नका. ही दया पोरांना लगेच कळते. गणित सगळ्यांना तेच द्या, मदत कमीजास्त करा. विचारल्यावर थांबा. अमेरिकेत शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात दिसलं की शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, गप्प मुलंही तोंड उघडतात. उत्तर हिंदीत आलं तर येऊ द्या, मग त्याच्याकडूनच मराठीत मांडून घ्या. वहीवर नुसती फुली नको. ‘दुसरी पायरी पुन्हा कर, उद्या दाखव’ असं लिहा, आणि उद्या खरंच बघा. इथेच बहुतेक जण ढिले पडतात.

चारचौघांत पाणउतारा नकोच. शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम १७ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं; नववीतही तीच रीत ठेवा. रोज उशिरा येणाऱ्याला मधल्या सुट्टीत बाजूला घ्या. पाण्याची रांग असेल, धाकट्या भावंडाला सोडायचं असेल. कारण ऐकून घ्या, पण बुडालेला अभ्यास त्याच दिवशी पूर्ण करून घ्या.