मेरी वेत्सेराच्या मृत्यूमागे ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा हात होता का?

होता, पण लोक समजतात तसा नाही. राजवाड्यातून मारेकरी पाठवल्याच्या कथा सगळीकडे फिरतात, पण त्यांना धड आधार मिळत नाही. माझ्या मते युवराजाने स्वतः तिला गोळी घातली आणि दरबाराने तिचं प्रेत लपवलं. यातला दुसरा भाग तर वादाचाही नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ३० जानेवारी १८८९ च्या सकाळी व्हिएन्नाजवळच्या मायर्लिंग इथल्या शिकारीच्या बंगल्यात युवराज रुडॉल्फ दार उघडेना. नोकर लोशेक आणि काउंट होयोस यांनी दार फोडलं, तर आत दोन प्रेतं. रुडॉल्फ ३० वर्षांचा, लग्न झालेला, एका मुलीचा बाप. बॅरोनेस मेरी वेत्सेरा अवघी १७ वर्षांची. आईचं माहेर बाल्टाझी, म्हणजे पैशाला तोटा नाही. शर्यतींना, नाटकांना, मेजवान्यांना ही मुलगी उठून दिसायची. सम्राज्ञीची भाची काउंटेस लारिश हिने दोघांच्या भेटी जुळवून दिल्या होत्या.

सरकारने आधी सांगितलं, युवराज हृदय बंद पडून गेले. दोन-तीन दिवसांत ते बदलून, त्यांनी वेडाच्या भरात आत्महत्या केली असं जाहीर केलं, कारण त्याशिवाय चर्चच्या विधींनी दफन करता आलं नसतं. या सगळ्यात मेरीचं नावच नाही. जणू त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

तिचं काय केलं ते वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. घरात त्याच वयाची मुलगी आहे म्हणूनही असेल. प्रेत दीड दिवस बंगल्यातल्याच एका खोलीत बंद होतं. ३१ तारखेच्या रात्री तिचे मामा अलेक्झांडर बाल्टाझी आणि मावशीचे यजमान काउंट श्टोकाऊ यांना बोलावून घेतलं. तिला धुतलं, कोट घातला, डोक्यावर टोपी ठेवली. मान लवंडू नये म्हणून पाठीला काठी लावली आणि दोघांच्या मध्ये बसवून, जिवंत बाई चालली आहे असं भासवत, घोडागाडीतून हायलिगेनक्रॉइझच्या मठात नेलं. तिने आत्महत्या केली, अशा कागदावर या दोघांच्याच सह्या घेतल्या. १ फेब्रुवारीच्या सकाळी वादळी पावसात घाईघाईने पुरलं. आईला तिथे येऊ दिलं नाही, उलट व्हिएन्ना सोडून जायला सांगितलं. पुढे तिने आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली, तीही पोलिसांनी जप्त केली. परदेशी वर्तमानपत्रांत मेरीचं नाव आलं की ते अंक सरहद्दीवर अडवले जात.

इतकी लपवाछपवी केल्यावर लोक काय म्हणणार? संशय तिथूनच वाढला. कुणी म्हणे शत्रूराष्ट्राचे हस्तक, कुणी म्हणे चोरून केलेला गर्भपात अंगाशी आला. शेवटची सम्राज्ञी झिटा हिने तर १९८३ साली जाहीरपणे सांगितलं की रुडॉल्फचा राजकीय खून झाला. तिच्याविषयी आदर ठेवूनही मला ते पटत नाही. मायर्लिंगच्या आदल्याच वर्षी, १८८८ मध्ये, रुडॉल्फने मिझी कास्पर या दुसऱ्या मैत्रिणीला 'आपण दोघं मरू' असं विचारलं होतं. तिने थेट पोलिसांना कळवलं, पण कुणी हालचाल केली नाही. मला विचाराल तर राजघराण्याच्या माथी येणारा सगळ्यात मोठा दोष हाच आहे. युवराजाला सोबत मरणारं कुणीतरी हवं आहे हे कळूनही सगळे गप्प राहिले आणि शेवटी त्याला १७ वर्षांची मुलगी सापडली.

तिची संमती होती का? होती, असंच म्हणावं लागतं. २०१५ साली व्हिएन्नाच्या एका बँकेत १९२६ पासून पडून असलेलं कागदांचं बाड उघडलं, त्यात मेरीची निरोपाची पत्रं निघाली. आईची तिने क्षमा मागितली आहे, प्रेमापुढे आपलं काही चाललं नाही असं लिहिलं आहे. पण तेवढ्यावरून याला 'अमर प्रेमकथा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला मारल्यावर तो काही तास जिवंत होता, असं मानलं जातं. ते तास त्याने त्याच खोलीत काढले.

मेल्यावरही तिला स्वस्थता मिळाली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी रशियन सैनिकांनी थडगं फोडलं, १९५९ मध्ये तिला नव्या पेटीत पुन्हा पुरलं. १९९१ साली लिंझच्या एका फर्निचर-व्यापाऱ्याने याच कोड्याच्या नादाने अस्थी चोरून नेल्या. त्या १९९३ मध्ये परत मातीत गेल्या.

तिच्या पत्रात एक मागणी होती: आम्हां दोघांना (मायर्लिंगजवळच्या) आलांडच्या दफनभूमीत शेजारी शेजारी ठेवा. रुडॉल्फ व्हिएन्नात कापुचिन मठाच्या तळघरात, आईवडिलांजवळ आहे. ती हायलिगेनक्रॉइझला एकटी आहे. तिच्या दगडावर बायबलमधली ओळ कोरली आहे: माणूस फुलासारखा उमलतो आणि खुडला जातो.